डायल-अपच्या दिवसांतले वाचन आणि आजचे ब्राउझिंग : नेमके काय बदलले?

रामबागचा वाचक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

आमच्या मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत बदलत्या इंदूरवर एक स्वतंत्र विभाग आहे. कापड गिरण्या, टेम्पो, सराफ्यातील रात्र आणि राजवाड्याची १९८४ मधील आग हे विषय ज्येष्ठ मंडळींनी आधीच आपसांत वाटून घेतले आणि उरलेला 'इंटरनेट' हा विषय माझ्या गळ्यात पडला. पहिला खर्डा लिहून झाला तेव्हा त्यात फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या मोडेमचा आवाज, फोन तासभर अडकून पडल्यामुळे घरी खावी लागणारी बोलणी आणि वरून खाली सावकाश उलगडणारे छायाचित्र असा सगळा नेहमीचा ऐवज आला होता. संपादन करणाऱ्या ताईंनी तो वाचून एवढेच विचारले, "आठवणी छान आहेत, पण वाचणाऱ्याला यातून नवे काय कळले?" या प्रश्नाचे माझे उत्तर अर्धवट आहे, म्हणून तो येथे मांडतो.

वेग वाढला आणि खर्च घटला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्याची जी क्रिया आपण ब्राउझिंग म्हणून ओळखतो, तिच्यात गेल्या पंचवीस वर्षांत काय बदलले आणि ते कशामुळे बदलले, हे मला शोधायचे आहे.

माझे अनुभव २००० सालच्या आगेमागेचे आहेत. गीता भवन परिसरातील एका कॅफेत मी जात असे. पैसे तासाच्या हिशेबाने पडत, त्यामुळे निघण्यापूर्वीच वहीच्या मागच्या पानावर पत्त्यांची यादी तयार असे. त्यातले काही पत्ते वर्तमानपत्रात छापून आलेले, काही मित्रांनी सांगितलेले, तर बरेचसे आदल्या खेपेस वाचलेल्या एखाद्या पानाच्या तळाशी सापडलेले असत. तेथे बसून वाचणे परवडत नसे. पाने भराभर उघडायची, जतन करायची, फ्लॉपीवर घ्यायची आणि घरी येऊन सावकाश वाचायची, असा क्रम होता. त्यातही एक खोच असे. पान जतन केले की मजकुराची एक फाइल आणि चित्रांचे एक वेगळे फोल्डर तयार होई. नवशिके लोक नुसती फाइल उचलत आणि घरी चित्रांच्या जागी लाल फुल्यांचे चौकोन पाहत बसत. पुढे सगळे पान एकाच फाइलमध्ये बांधून देण्याची सोय इंटरनेट एक्सप्लोररमध्ये सापडली तेव्हा मला झालेला आनंद आजच्या मुलांना समजावून सांगणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट दुव्यांच्या रंगाची. न वाचलेला दुवा निळा आणि वाचून झालेला जांभळा, या साध्या सोयीमुळे एखाद्या मोठ्या साइटवर आपण कुठवर आलो आहोत, हे एका दृष्टिक्षेपात कळत असे. आज मी ज्या ॲपांमध्ये दिवसाचा पुष्कळ वेळ घालवतो, त्यांपैकी एकातही मला मी काय वाचले आणि काय राहिले याचा असा नकाशा दिसत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे पान संपत असे, आणि संपल्यावर त्या पानाच्या कर्त्याने स्वतःच्या आवडीच्या साइटची यादी दिलेली असे.

यावरून माझा तर्क असा आहे की मीटर चालू असल्यामुळे आपण निवड करायला शिकलो, आणि मीटर बंद झाल्याबरोबर ती सवयही गेली. हा तर्क लेखाचा कणा म्हणून उभा राहील का? आपले अनुभव याच्या उलट असतील तर ते अधिक उपयोगी पडतील.

भंवरकुआँचा जुना कॅफेवाला यांचे उत्तर

आपला तर्क मला मान्य नाही, आणि मी तो गल्ल्यामागे बसून पाहिलेल्या गोष्टींच्या आधारावर नाकारतो आहे.

माझा कॅफे विद्यार्थ्यांच्या वस्तीत होता. वहीत यादी करून येणारे आपल्यासारखे गिऱ्हाईक विरळा असे. बाकीच्यांचे मीटर चालू असतानाही ते याहू मेसेंजरवर अनोळखी माणसाला वय आणि गाव विचारण्यात तासच्या तास घालवत आणि पैसे देताना कुरकुर करत. निकालाच्या दिवशी मात्र दुकानाबाहेर रांग लागे, आणि शंभर मुलांचे रोल नंबर मीच एका संगणकावर एकामागून एक टाकून छापून देत असे. २००२ मध्ये रेल्वेची तिकिटे इंटरनेटवर मिळू लागल्यावर आणखी एक वर्ग येऊ लागला. त्याला ब्राउझिंगशी काही घेणे नव्हते, काम झाले की तो उठे. तेव्हा मीटरमुळे लोक विवेकी झाले होते, असे कृपा करून लिहू नका.

तरीही आपण म्हणता तो फरक खरा आहे, आणि त्याचे एक उदाहरण माझ्याकडे आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्ता सांगून आणि त्यातले स्पेलिंग सुधारून मी कंटाळलो होतो. म्हणून नोटपॅडमध्ये एक साधे पान लिहिले आणि दुकानातील प्रत्येक संगणकावर ब्राउझर उघडताच तेच पान येईल अशी व्यवस्था केली. त्यात वर ईमेलच्या साइट, मग निकाल, रेल्वे आणि नोकरीच्या जाहिराती होत्या, आणि खाली 'वाचायला' या मथळ्याखाली थोडे दुवे होते. वेबदुनिया त्यात पहिल्यापासून होती, कारण १९९९ मध्ये सुरू झालेले हिंदीतील ते पहिले पोर्टल आपल्या इंदूरचेच, आणि त्याचा गावाला अभिमान होता. मराठी मुलांनी मायबोलीचा दुवा घालायला लावला; ती साइट १९९६ पासून चालू होती, पण मला तोवर तिचा पत्ता नव्हता. एका मुलीने खगोलशास्त्राची एक साइट सुचवली, ती घातली. कोणी दुवा मोडला आहे असे सांगितले की मी तो काढून टाकत असे.

त्या पानाला एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेतील दहा-बारा ओळींपलीकडे काही लागले नाही, आणि ते कोणाच्याही कामाचे आहे असे मला तेव्हा वाटले नव्हते. आज विचार करता लक्षात येते की त्या काळी अशी पाने सगळीकडे होती. याहूची सुरुवातही १९९४ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या दुव्यांच्या यादीनेच झाली. माणसांनी विषयवार लावलेली ती सूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली, आणि स्वयंसेवकांनी चालवलेली डीमॉझ ही दुसरी मोठी सूची मार्च २०१७ मध्ये बंद पडली. पुढचे पान कोणते, हे सांगणारा माणूस तेव्हा समोर दिसत होता. तो चुकला तर त्याला तोंडावर सांगता येत असे.

तंत्रज्ञ_तुकोगंज यांचे उत्तर

वरील दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु मूळ कारण सांगायचे राहून गेले असे मला वाटते. मीटर होता की नव्हता, यापेक्षा तो कोणाकडून वसूल होत होता याकडे पाहावे.

डायल-अपच्या काळात पैसे आपण जोडणीसाठी देत होतो. कॅफेचा तास, संचारनेटसारख्या सेवेचे तास आणि त्यावर फोनच्या पल्सचा खर्च, हे सगळे वाचकाच्या खिशातून जाई. पान लिहिणाऱ्या सामान्य माणसाला मात्र आपण त्याच्या पानावर किती वेळ थांबलो याच्याशी काही देणेघेणे नसे. त्याला फार तर पाहुण्यांच्या वहीत दोन ओळींचा अभिप्राय आणि तळाच्या आकडेमोजणीत एकाची भर हवी असे. आज जोडणी जवळजवळ फुकट आहे, विशेषतः सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून, आणि वसुली आता आपल्या वेळातून होते. ज्याचे उत्पन्न आपल्या थांबण्यावर अवलंबून आहे, तो पान संपू देईल कशाला?

पान न संपण्याची युक्तीही आपोआप झालेली नाही. खाली सरकत गेले की पुढचा मजकूर स्वतःहून येत राहतो, ही रचना अझा रास्किन या अभिकल्पकाने २००६ मध्ये केली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्याने स्वतः जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फेसबुकने 'न्यूज फीड' आणले. त्याआधी मित्राचे काय चालले आहे हे पाहायला त्याच्या पानावर मुद्दाम जावे लागे, आणि दहा मित्र असतील तर दहा पाने उघडावी लागत. हे दोन बदल एकत्र आले तेव्हा दुवा दाबण्याची क्रियाच अनावश्यक झाली. आपण अंगठ्याने जे करतो त्याला ब्राउझिंग म्हणायचे की नाही, हे आपल्या संपादक ताईंनी ठरवावे.

जाहिराती पूर्वी नव्हत्या, असा एक गोड समज आहे, तो लेखात येऊ देऊ नये. वेबवरील पहिली मोठी बॅनर जाहिरात ऑक्टोबर १९९४ मधील आहे, आणि खिडकीवर खिडकी उघडणाऱ्या पॉप-अप जाहिरातींनी नव्वदच्या दशकाच्या शेवटीच उच्छाद मांडला होता. फरक एवढाच की ती जाहिरात पाहणारा इंदूरचा आहे की ग्वाल्हेरचा, हे तिला कळत नसे. कुकी, म्हणजे साइटने वाचकाच्या संगणकावर ठेवलेली छोटी नोंद, ही सोय १९९४ मध्ये नेटस्केपसाठी तयार झाली तेव्हा, एकाच साइटच्या दोन पानांदरम्यान वाचक कोण होता हे विसरले जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. पुढे जाहिरात कंपन्यांनी तीच सोय अनेक साइटवर पसरवून वाचकाचा माग काढायला वापरली. आज कोणतेही पान उघडताच परवानगी मागणारी जी पट्टी आडवी येते, तिचे मूळ तेथे आहे.

वजनाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. छप्पन्न किलोबिटचा मोडेम प्रत्यक्षात सेकंदाला चार ते पाच किलोबाइट देई. त्या काळचे पन्नास किलोबाइटचे पान दहा-बारा सेकंदांत येई. आज वेबवरील मध्यम आकाराचे पान दोन मेगाबाइटच्या वर आहे. ते त्याच मोडेमवर आणायचे ठरवले तर सात-आठ मिनिटे लागतील. या वाढलेल्या वजनात लेखाच्या मजकुराचा वाटा नगण्य आहे, कारण दोन हजार शब्दांचा मराठी लेख साठवायला पन्नास किलोबाइटही पुरतात. उरलेला भार चित्रांचा, फाँटचा आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्टचा असतो.

मोडेमच्या आवाजाला मात्र आपण उगाच नेहमीच्या ऐवजात ढकलले आहे. तो आवाज म्हणजे दोन यंत्रांची बोलणी होती. फोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी, म्हणजे साधारण तीनशे ते चौतीसशे हर्ट्झच्या पट्ट्यासाठी बांधलेली. तिच्यातून किती वेगाने माहिती पाठवता येईल हे दोन्ही मोडेम प्रत्येक वेळी सूर काढून तपासत. पावसाळ्यात तारेत खरखर आली की बोलणी लांबत, वेग कमी ठरे, आणि सरावलेल्या माणसाला आज जोडणी कशी मिळणार हे पडद्यावर आकडा येण्याआधी कानांनीच कळे.

सुखलियाची_लेखणी यांचे उत्तर

तीनही सद्गृहस्थांचे लेखन वाचले. आठवणी रम्य आहेत, परंतु त्या कोणाच्या, हेही नोंदवायला हवे.

मी त्या काळी महाविद्यालयात होते. कॅफेत एकटीने जाणे घरी मान्य नव्हते, आणि त्यात घरच्यांचे सगळेच चुकत होते असे मला आजही वाटत नाही. उंच फळ्यांचे खोपटे, त्याला कधी पडदा, शेजारच्या संगणकावर काय चालले आहे ते सांगण्यासारखे नाही, आणि इतिहासाच्या यादीत आधीच्या गिऱ्हाइकाने उघडलेले पत्ते तसेच. एप्रिल २०११ मध्ये केंद्राने कॅफेंसाठी नियम केले, त्यांत दोन संगणकांमधील फळी जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नसावी असे स्पष्ट लिहिले आहे; असा नियम का करावा लागला, हे वेगळे सांगायला नको. तोवर कॅफेंचे दिवसच भरत आले होते. माझे पहिले निवांत वाचन घरी ब्रॉडबँड आल्यावर झाले, तेही रात्री दोन ते सकाळी आठ या मोफत वेळात, भल्या पहाटे उठून. म्हणून खर्च घटला ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे असे म्हणून पुढे जाऊ नये. माझ्यासारख्या अनेकींसाठी इंटरनेट तेथून सुरू झाले.

मराठीचे म्हणाल तर त्या सुवर्णकाळात मराठी पाने वाचता येणे हाच एक खटाटोप होता. प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसे. कॅफेच्या संगणकावर फाँट बसवायला मालकाची परवानगी लागे आणि पुढच्या खेपेस तो कोणीतरी पुसलेला असे. सगळ्या लिप्यांतील अक्षरांना ठरावीक संकेत देणारे युनिकोड आल्यावरही सुटका लगेच झाली नाही. विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय मुळात होती, पण ती चालू करण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे आणि वर मूळ सीडी मागितली जाई. ती नसली की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडे आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहत. मराठी विकिपीडिया मे २००३ मध्ये सुरू झाला, पण तो नीट दिसेल असा संगणक माझ्या ओळखीत त्यानंतरही बराच काळ नव्हता.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे. मुंबई-पुण्याची वृत्तपत्रे इंदुरात शिळी होऊन येत, दिवाळी अंक मिळवायला ओळख लागे, आणि मुले शाळेत हिंदी शिकत असल्यामुळे त्यांना मराठी वाचायला देण्यासारखे घरात फारसे नसे. आज माझ्या सासूबाई, ज्यांनी संगणकाला कधी हात लावला नाही, फोनवर बोलून मराठीत शोध घेतात आणि त्यांना हवे ते कीर्तन सापडते. हे सुख मी कोणत्याही जांभळ्या दुव्याशी बदलून घेणार नाही.

आता तक्रार. माझ्या फोनला मी इंदुरात राहते एवढे पक्के ठाऊक आहे, आणि त्यावरून मी हिंदी वाचक आहे असा निष्कर्ष त्याने परस्पर काढला आहे. भाषा मराठी निवडली तरी चार दिवसांत सुचवण्या पुन्हा हिंदीकडे घसरतात, आणि ज्या मराठी सुचवण्या येतात त्या ठाण्यातील लोकलच्या आणि पुण्यातील पार्किंगच्या असतात. सानंद या इंदूरच्या संस्थेच्या नाट्यप्रयोगाची किंवा आपल्याकडच्या एखाद्या मराठी शाळेच्या कार्यक्रमाची बातमी यंत्राने होऊन मला कधी दाखवल्याचे स्मरत नाही, कारण ती वाचणारी माणसे थोडी. कॅफेवाल्या दादांच्या पानावर ती एका मुलीच्या सांगण्यावरून लागली असती. तेव्हा पुढचे पान कोण निवडतो, या मुद्द्याशी मी सहमत आहे; फक्त त्याआधी वाचणाऱ्यांत कोण होते आणि कोण नव्हते, तेही लेखात यावे.

धारचा_पाहुणा यांचे उत्तर

आपली चर्चा इंदूरच्या हद्दीबाहेर पडलेली नाही, म्हणून थोडी भर घालतो. माझी नोकरी धार जिल्ह्यात झाली.

जानेवारी २००० मध्ये धार जिल्ह्यात 'ज्ञानदूत' हा प्रकल्प सुरू झाला. गावागावांत 'सूचनालय' नावाची केंद्रे उघडली गेली आणि ती डायल-अपने जिल्ह्याच्या अंतर्गत जाळ्याला जोडली गेली. शेतकऱ्याला त्यातून मंडीचे भाव, जमिनीच्या नोंदींच्या नकला, दाखल्यांसाठी अर्ज आणि तक्रार नोंदवण्याची सोय मिळत होती. त्याच वर्षी प्रकल्पाला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. पाठोपाठ जून २००० मध्ये आयटीसी कंपनीने सोयाबीन उत्पादकांसाठी ई-चौपाल ही इंटरनेट केंद्रे आपल्या मध्य प्रदेशातच सुरू केली.

येथे संगणकासमोर शेतकरी बसत नसे. केंद्र चालवणारा गावचाच तरुण, ज्याला सूचक म्हणत, तो पान उघडी आणि मोठ्याने वाचून दाखवी; भोवती चार-पाच जण उभे राहून ऐकत. भाव ऐकला की ते आपसांत बोलत, इंदूरच्या मंडीत न्यावे की धारलाच विकावे याचा काथ्याकूट होई, मग कोणीतरी उज्जैनचा भाव विचारी आणि सूचक ते पान उघडी. वीज गेली किंवा लाइन तुटली की सगळे थांबे, आणि हे वरचेवर होत असे. म्हणून या आठवणीला मी सोनेरी मुलामा देऊ इच्छित नाही. भाव फोनवर येऊ लागले तेव्हा कोणाही शेतकऱ्याने सूचनालयाची आठवण काढून उसासा टाकलेला मी ऐकला नाही.

पण आपल्या प्रश्नाच्या संदर्भात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या केंद्रात पुढचे पान चार माणसांच्या बोलण्यातून ठरत असे. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र फोन आल्यावर एकाच ओट्यावर बसलेल्या चौघांना चार वेगळ्या गोष्टी दिसतात, आणि समोरच्याला काय दिसले हे कोणालाच माहीत नसते. भावाच्या बाबतीत याने नुकसान होत नाही, कारण भाव सर्वांना सारखाच दिसतो. बातमीच्या आणि अफवेच्या बाबतीत मात्र होते.

रामबागचा वाचक

सर्वांचे मनापासून आभार. माझा मीटरचा सिद्धांत आता लेखाच्या कण्यावरून एका परिच्छेदावर आला आहे, आणि कॅफेवाल्यांचे दुव्यांचे पान व धारचे सूचनालय यांभोवती नवा खर्डा लिहायला घेतो आहे. दोघांची हरकत नसेल तर ही उदाहरणे त्यांच्या येथील नावांनिशी वापरीन. कॅफेतील वातावरणाबद्दल आणि फाँटबद्दल सुखलियाच्या ताईंनी लिहिले, ते त्यांनीच वेगळी चौकट म्हणून लिहून दिले तर उत्तम.

आता एक व्यावहारिक अडचण. लेखासोबत त्या काळच्या दोन-तीन मराठी पानांची छायाचित्रे छापायची आहेत. शोधयंत्रात कितीही डोके आपटले तरी त्या काळचे मराठी काहीच सापडत नाही. ते सगळे नष्ट झाले असे समजायचे का?

तंत्रज्ञ_तुकोगंज यांचे उत्तर

काही नक्कीच नष्ट झाले आहे. लोकांनी हौसेने बांधलेल्या घरगुती पानांची जिओसिटीज ही वसाहत याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. ऑर्कुट हे समाजमाध्यम सप्टेंबर २०१४ मध्ये गेले आणि याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. अमेरिकेतील प्यू संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने उघडत नव्हती. आपल्याला हवी आहेत ती तर त्याहून तेरा वर्षांनी जुनी.

तथापि, आपल्याला सापडत नाहीत याचे कारण बऱ्याचदा दुसरेच असते. युनिकोडपूर्व पानांत मराठी मजकूर साठवलेलाच नव्हता. इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले होते आणि त्यांना मराठी रूप देण्याचे काम फाँट करी. आपण 'दिवाळी अंक' असे युनिकोडमध्ये शोधता तेव्हा यंत्राच्या दृष्टीने त्या पानावर हे शब्द नसतातच. शिवाय अलीकडे शोधयंत्र पानांच्या यादीच्या वर स्वतःच तयार केलेले उत्तर देते, त्यामुळे खालच्या यादीपर्यंत उतरण्याची सवयही सुटत चालली आहे. गूगलने ही सोय भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आणली.

म्हणून शब्दाने शोधू नका, पत्त्याने शोधा. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून पाने जमवते आहे, आणि तिचे वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांना खुले आहे. तेथे साइटचा त्या काळचा पत्ता टाकला की वर्षांची पट्टी आणि खाली दिनदर्शिका दिसते. ज्या तारखांवर गोल खूण असेल त्या दिवशीचे पान उघडते. पत्ता आठवत नसेल तर जुन्या वर्तमानपत्रांचे आणि दिवाळी अंकांचे छापील गठ्ठे चाळावेत, कारण त्या काळी साइटचे पत्ते कौतुकाने छापले जात. आपल्या येथील महाराष्ट्र साहित्य सभेत किंवा एखाद्या जुन्या वाचनालयात ते मिळण्याची शक्यता आहे.

पान उघडल्यावर काला दिसला तर घाबरून जाऊ नका. पानाच्या मोकळ्या जागी उजवी कळ दाबून मूळ स्रोत उघडा आणि फाँटचे नाव कोणते दिले आहे ते पाहा. ते बहुधा सुरुवातीच्या ओळींतच असते. तो फाँट मिळवून संगणकावर बसवला की पान पूर्वीसारखे उभे राहते. त्या काळी काही साइट फाँट पानासोबतच पाठवत असत, परंतु ती पद्धत आजच्या ब्राउझरांना कळत नाही, म्हणून अशा पानांसाठीही फाँट हाताने बसवावा लागेल. फाँट मिळालाच नाही, तर जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांनी मजकूर वाचता येईल, पण पानाचे मूळ रूप छापता येणार नाही.

चित्रे गहाळ असतील तर दिनदर्शिकेतील आगेमागेच्या तारखा तपासा, कारण मजकूर आणि चित्रे पुष्कळदा वेगवेगळ्या दिवशी साठवली गेली आहेत.

भंवरकुआँचा जुना कॅफेवाला यांचे उत्तर

माझे उदाहरण अवश्य वापरा. त्या पानाची प्रत एका सीडीवर असावी. सीडी सापडली आहे, ती वाचणारे यंत्र घरात उरलेले नाही. जेल रोडवर एका दुरुस्तीवाल्याकडे विचारून ठेवले आहे. फाइल निघाली तर जशी आहे तशी पाठवतो. त्यातले बहुतेक दुवे आता उघडणार नाहीत, पण छायाचित्र घेता येईल.